पंपाला फीचर असतं, हळदीला गुण असतो

मागच्या महिन्यात मामांसोबत सांगलीत फवारणीचा पंप घ्यायला गेले होते. मामांची तासगावकडं द्राक्षबाग आहे. बागेला ट्रॅक्टरचा ब्लोअर आहेच, पण घरच्या भाजीपाल्यासाठी पाठीवरचा बॅटरीचा पंप हवा होता. दुकानातला मुलगा तरतरीत होता. त्यानं पंप काउंटरवर ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं, "ह्याला डबल मोटरचं फीचर आहे. बॅटरी काढून घरात चार्ज करता येते, ते एक फीचर. वजनाला हलका आहे, ते एक फीचर. टाकीचं प्लास्टिक उन्हानं तडकत नाही, तेही फीचर. आणि औषध धुक्यासारखं बारीक पडतं, हे तर मेन फीचर."

मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग शेजारच्या कंपनीच्या पंपाकडं बोट करून म्हणाले, "त्यो बी तसलाच दिसतुया. ह्येच्यात येगळं काय हाय?" आणि पट्टा दोन्ही हातांनी ताणून बघत, "टिकंल का?"

मुलगा जरा गोंधळला. "मामा, सगळी फीचर्स सांगितली की!"

मला त्या पोराची बाजू कळत होती आणि मामांचीही. पाच गोष्टींना त्यानं एकच नाव दिलं होतं, पण त्या पाच एका जातीच्या नव्हत्या. डबल मोटर ही पंपात बसवलेली वस्तू. बॅटरी निघते ही सोय. हलकं असणं आणि न तडकणं हे प्लास्टिकचे गुणधर्म. बारीक फवारा हा सगळ्याचा मिळून होणारा परिणाम. आणि मामा जे विचारत होते ते या यादीत कुठंच नव्हतं. 'वेगळं काय' म्हणजे वैशिष्ट्य, आणि 'टिकंल का' म्हणजे प्रत, मालाचा दर्जा.

मी अनुवादाचं काम करते. यंत्रांची माहितीपत्रकं, औषधांच्या वापराच्या सूचना, शेतकरी गटांचे अहवाल, असं काय काय इंग्रजीतून मराठीत आणते. या कामात जवळपास रोज भेटणारा शब्द म्हणजे फीचर. इंग्रजी कागदावर वर ठळक अक्षरांत 'फीचर्स' लिहिलेलं असतं आणि खाली आठ-दहा ठिपके. शब्दकोश उघडला की एका ओळीत सगळा ढीग मिळतो: वैशिष्ट्य, लक्षण, विशेष, गुण, अंग, ठेवण. नवखा माणूस त्यातला पहिला शब्द उचलतो. मग 'या पंपाची वैशिष्ट्ये : पट्टा, झाकण, नळी' असं छापून गावोगाव वाटलं जातं. पट्टा सगळ्याच पंपांना असतो. वाचणाऱ्याला वाटतं, ही माणसं आपल्याला काय समजतात?

म्हणून हा शब्द एकदा मुळापासून बघू.

लॅटिनमध्ये 'फाकेरे' म्हणजे करणं, बनवणं. त्यावरून 'फाक्तूरा' म्हणजे घडवण्याची क्रिया, घडण. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला आणि फीचर झाला. फॅक्टरी, मॅन्युफॅक्चर, फॅक्ट ही सगळी त्याचीच भावंडं. इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता शरीराची घडण, बांधा. पुढं तो चेहऱ्यावर येऊन स्थिरावला: नाक, डोळे, ओठ, हनुवटी. आजही एखादीची फीचर्स चांगली आहेत असं इंग्रजीत म्हटलं, तर आपली आजी त्याला 'नाकीडोळी नीटस' म्हणाली असती. चेहरेपट्टी, तोंडवळा, चेहऱ्याची ठेवण हे शब्दही त्याच घरातले. आणि एक गोष्ट मला फार आवडते. 'फाकेरे' ज्या मूळ धातूपासून आला, त्याच मूळ धातूपासून संस्कृतातला 'धा' आलाय, आणि 'धा' म्हणजे ठेवणं. मराठी 'ठेवण' वेगळ्या धातूची, तिचं नातं 'स्था'शी. पण चेहरा म्हणजे कुणीतरी नीट मांडून ठेवलेली गोष्ट, ही कल्पना दोन्हीकडं एकच.

चेहऱ्यावरचा हा अर्थ पक्का धरून ठेवा, कारण फीचरचे पुढचे सगळे अर्थ त्यातून उलगडतात. चेहऱ्याकडं बघितलं की पहिल्यांदा काय दिसतं? सपाट गाल दिसत नाही, उठून आलेलं नाक दिसतं. फीचर म्हणजे एखाद्या गोष्टीचा नजरेत भरणारा भाग. त्यात 'भाग' हवा आणि 'नजरेत भरणं' हवं.

भूगोलाच्या पुस्तकात फीचर्स येतात ते याच अर्थानं. मिरज-कवठेमहांकाळ पट्ट्यातला दंडोबाचा डोंगर, हरिपूरला कृष्णा आणि वारणा एकत्र येतात ती जागा, ही जमिनीच्या चेहऱ्यावरची नाकं-डोळे. म्हणून मराठी पाठ्यपुस्तकात त्यासाठी 'प्राकृतिक रचना', 'भूरूप' असे शब्द येतात, आणि ते अगदी बरोबर आहेत. रचना म्हणजे पुन्हा घडणच. वर्तमानपत्रात रोजच्या बातम्यांच्या सपाट रांगेतून उठून दिसणारा, निवांत लिहिलेला लेख म्हणजे फीचर. पूर्वी थिएटरच्या एका खेळात छोट्या छोट्या फिती दाखवत आणि ज्यासाठी लोक तिकीट काढत तो मोठा चित्रपट त्यातला फीचर असे. त्यावरून फीचर फिल्म. डॉक्टरांच्या पुस्तकात 'क्लिनिकल फीचर्स' असतात, त्यांना आपण सरळ रोगाची लक्षणं म्हणतो. मोबाईलमध्ये फीचर म्हणजे सोय. आणि बटणांचा साधा मोबाईल, ज्यात स्मार्टफोनच्या मानानं सोयी कमी, त्याला लोक 'फीचर फोन' म्हणतात. ज्या काळात नुसतं बोलण्यापलीकडं गाणी, कॅमेरा, रेडिओ एवढं असणंही मोठी गोष्ट होती, तेव्हापासूनचं ते नाव टिकून राहिलंय.

आता महत्त्वाचा मुद्दा. नाक सगळ्यांना असतं. तरी ते फीचर असतं. म्हणजे फीचर हा शब्द 'हे दुसऱ्याकडं नाही' असं वचन देत नाही. तो फक्त म्हणतो, इथं बघा, हे आहे. वैशिष्ट्य हा मराठी शब्द मात्र तसं वचन देतो. विशेष या शब्दात 'शिष्' धातू आहे, ज्याच्यापासून 'शेष' होतो. बाकीच्यांसारखं जे आहे ते सगळं वजा करायचं, आणि मग जे शेष उरतं ते विशेष. कणादांच्या वैशेषिक दर्शनाला नावच या कल्पनेवरून मिळालंय. त्यांच्या पदार्थांच्या, म्हणजे जगातल्या गोष्टींच्या मूळ वर्गांच्या, यादीत द्रव्य, गुण, कर्म, सामान्य यांच्यानंतर विशेष हा वेगळा पदार्थ मोजलेला आहे. म्हणजे गुण वेगळा आणि विशेष वेगळा, हे आपल्याकडं फार जुन्या काळी ठरून गेलेलं आहे. फीचरला सरसकट वैशिष्ट्य म्हटलं की मुळात नसलेलं वचन आपण पदरचं देऊन बसतो. मामांनी नेमकं त्याच वचनाचा हिशोब मागितला होता.

वैशिष्ट्याला इंग्रजीत जवळचा शब्द कॅरॅक्टरिस्टिक. तो ग्रीकमधून आलाय. 'खाराक्तेर' म्हणजे ठसा मारायचं हत्यार किंवा त्यानं उमटलेला ठसा. एकाच धातूची दोन नाणी, पण ठसा वेगळा म्हणून किंमत वेगळी. आपण बाजारात 'अमुक छाप' म्हणतो, 'त्याच्या बोलण्यावर आईची छाप आहे' म्हणतो, ती हीच छाप.

या शब्दांत फरक करणं हा पंडितांचा खेळ आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं भौगोलिक मानांकनाचा कायदा वाचावा. हा कायदा १९९९ चा, अंमलात आला २००३ मध्ये. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये मानांकन मिळालं, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला. आपल्या साताऱ्यातल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्यालाही ते आहे. मानांकन कशाला मिळतं? कायद्याच्या व्याख्येत तीन शब्द शेजारी शेजारी आहेत: क्वालिटी, रेप्युटेशन आणि कॅरॅक्टरिस्टिक. म्हणजे मालाची विशिष्ट प्रत, किंवा त्याचा नावलौकिक, किंवा त्याचं अन्य वैशिष्ट्य, यांतलं काहीतरी मूलतः त्या भूभागामुळं आलेलं असलं पाहिजे. ज्यांनी हे लिहिलं त्यांना हे तीन शब्द एकच वाटत असते तर त्यांनी एकावर भागवलं असतं. आणि फीचर हा शब्द त्या व्याख्येत नाही. मालात काय काय आहे याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. जमिनीनं, पाण्यानं, हवेनं, तिथल्या माणसांच्या हातांनी त्या मालावर जो ठसा उमटवला, तो कायद्याला हवाय.

वाघ्या घेवड्याचे चार दाणे तळहातावर घेऊन बघा. फिकट दाण्यावर तांबडे पट्टे असतात, वाघाच्या अंगावर असावेत तसे. पट्टे हे झालं दिसणारं वैशिष्ट्य, ज्यावरून नाव पडलं. पण शिजल्यावर ताटात पट्टे राहत नाहीत. तिथं राहते चव, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. मग तिला काय म्हणायचं? तिथं आपल्याला तिसरा शब्द लागतो, आणि त्यासाठी हळदीकडं जावं लागेल.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालतात तेव्हा व्यापारी ढिगातून एक हळकुंड उचलतो आणि मोडतो. वरचं पॉलिश तो बघत नाही असं नाही, पण त्याचा निर्णय मोडल्यावर होतो. मोडताना आवाज कसा येतो, आत किती घट्ट आहे, गाभ्याचा रंग फिका आहे की केशरी. वरून जे दिसतं ते फीचर. आत जे आहे, जे मालापासून वेगळं काढता येत नाही, ते गुणधर्म. इंग्रजीत याला प्रॉपर्टी म्हणतात, आणि आपल्याकडं प्रॉपर्टी म्हटलं की लोकांना सातबारा आठवतो. त्यात चूक काही नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच 'स्वतःचं' असा आहे. जमीन माणसाची स्वतःची, तशी ही गोष्ट त्या पदार्थाची स्वतःची.

गुणधर्माची एक खूण आहे: तो कायम असतो, पण विचारल्याशिवाय दिसत नाही. हे घरी करून बघण्यासारखं आहे. आमटीचा पिवळा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग एकदम लालसर होतो. पुष्कळ नव्या सुना तो बघून घाबरतात, कपडा गेला असं वाटतं. स्वच्छ पाण्यात खळबळला की तो परत पिवळा होतो. हळदीतलं कुर्कुमिन हे द्रव्य आंबट किंवा साध्या पाण्यात पिवळं राहतं आणि क्षारात लाल होतं. चुना हाही क्षारधर्मीच. म्हणून तर परंपरेनं हळद आणि चुना यांपासून कुंकू करत आले. हा लाल होण्याचा धर्म हळदीत सतत होता. पिशवीत होता, डब्यात होता, आमटीत होता. क्षार समोर आला तेव्हा तो बाहेर आला. आता याला कुणी 'हळदीचं फीचर' म्हटलं तर ऐकवतं का? ही सोय कुणी बसवलेली नाही आणि कुणी काढूनही घेऊ शकत नाही. पंपाची बॅटरी काढली तरी पंप पंपच राहतो. हळदीचं हळदपण काढलं तर मागं काय राहील?

'धर्म' हा शब्द इथं किती नेमका आहे बघा. विंचवाचा धर्म डंख मारणं, पाण्याचा धर्म खाली वाहणं. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, तर जोडीच आहे: धर्म, आणि तो ज्याच्यात राहतो तो धर्मी. शाळेच्या विज्ञानात घनता, उत्कलनबिंदू, विद्राव्यता यांना गुणधर्म म्हणतात ते त्या जुन्या वापराला धरूनच.

जाता जाता पेवांचं सांगायला हवं. हरिपूरला जमिनीखाली खोल खड्डे करून त्यांत हळद साठवत. तिथल्या मातीमुळं हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय राहायची. २००५ च्या महापुरात बरीचशी पेवं गेली. किडीला रोखून धरणं हा हळदीचा गुणधर्म म्हणावा की मातीचा? माझ्या मते हा त्या दोघींच्या जोडीचा गुण, आणि तोच पुढं सांगलीच्या हळदीचा नावलौकिक झाला. कायद्यात रेप्युटेशन हा शब्द वेगळा का ठेवला असेल, ते हरिपूरच्या पेवांकडं बघितलं की समजतं.

आता लक्षण. मला हा शब्द सगळ्यांत जवळचा वाटतो, आणि आजकाल तो फक्त आजारापुरता उरलाय याचं वाईट वाटतं. लक्षण म्हणजे ज्यावरून ओळखायचं ते. द्राक्षाच्या पानावर वरून तेलकट डाग दिसला की मामा म्हणतात डाऊनी आली. डाग म्हणजे रोग नव्हे, डाग ही रोगाची ओळख. 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण लक्षणाबद्दलच आहे. 'ह्याची लक्षणं काही ठीक दिसत नाहीत' असं आई म्हणते तेव्हा ती मुलाच्या आजच्या वागण्यावरून उद्याचं काहीतरी ओळखत असते.

लक्षण कसं असावं याचा आपल्या न्यायशास्त्रानं जेवढा काटेकोर विचार केला, तेवढा क्वचितच कुणी केला असेल. त्यांचं ठरलेलं उदाहरण गायीचं. समजा म्हटलं, शिंगं असलेलं जनावर ती गाय. मग म्हैसही गाय होईल. लक्षण नको तिथं पसरलं, ही अतिव्याप्ती. बरं, तांबडी ती गाय म्हटलं, तर पांढरी गाय बाहेर राहिली. ही अव्याप्ती. आणि घोड्यासारखा अखंड खूर असलेली ती गाय म्हटलं, तर जगात एकही गाय सापडणार नाही. हा असंभव. मग त्यांनी बोट ठेवलं ते गळ्याखाली लोंबणाऱ्या कातड्यावर, ज्याला आपण पोळी म्हणतो. ते गायीचं लक्षण. हे तीन दोष एकदा डोक्यात बसले की जाहिरातीतला कुठलाही मजकूर तपासता येतो. 'टिकाऊ, आकर्षक, उत्तम' या शब्दांत कोणता दोष आहे ते तुम्हीच सांगाल.

हे शास्त्र न शिकलेली माणसं ते रोज वापरतात. आटपाडी तालुक्यात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो. माणदेशातला खिल्लार तिथं बघायला मिळतो. एकदा तिथं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला खोंड पारखताना मी अर्धा तास बघत उभी होते. त्यांनी आधी लांबून पाहिलं: लांब, मागं झुकलेली टोकदार शिंगं, अरुंद तोंड, अंगाला घट्ट बसलेली कातडी. ही सगळी ठेवण, म्हणजे फीचर्स, अगदी मूळच्या अर्थानं. जातिवंत खिल्लार आहे का, हे त्या ठेवणीवरून कळतं, म्हणून तीच जातीची लक्षणंही झाली. मग जवळ जाऊन त्यांनी खोंडाचा ओठ वर केला. दात हे अंग, पण किती दात लावले ते वयाचं लक्षण. पक्का दात नसला तर आदत, दोन आले तर दुसा, चार आले तर चौसा, पुढं सहादाती आणि मग जुळलेला. शेवटी म्हणाले, "जरा चालवून दाव." कारण चालीत गुण दिसतो, आणि तो उभ्या जनावरात दिसत नाही.

याच बैलांवरून आपल्या भाषेत एक म्हण आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयावर इतकं नेमकं दुसरं कुणी काही बोललेलं नाही. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.' वाण म्हणजे रंग, जात, जे जन्मानं आलं. ते शेजाराला लागत नाही. गुण म्हणजे वागण्यातली सवय, ती लागते. इंग्रजीत वाणाच्या जवळ जाणारा शब्द ट्रेट. मूळ अर्थ ओढलेली रेघ. आपण 'रेखीव चेहरा' म्हणतो ते आठवा. जीवशास्त्रात पिढीतून पिढीत जाणाऱ्या गोष्टीला ट्रेट म्हणतात. मेंडेलनं १८६६ मध्ये वाटाण्यावरचा जो निबंध छापला, त्यात अशा सात जोड्या होत्या, उंच-बुटकं, गोल-सुरकुतलेलं अशा. माझ्या मामेभावाचं नाक थेट मामांचं आहे आणि हट्टही थेट मामांचा आहे. नाक नक्की वाण. हट्ट वाण की गुण, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

गुण या शब्दाचा संसार मोठा आहे. परीक्षेत गुण मिळतात, औषधाचा गुण येतो, मूल गुणी असतं आणि तेच मूल गुण उधळतंही. इंग्रजी क्वालिटीचंही असंच झालंय. सिसेरो या रोमन वक्त्यानं ग्रीक शब्दाला लॅटिन प्रतिशब्द हवा म्हणून 'कसा' या अर्थाच्या शब्दावरून तो घडवला, म्हणजे अक्षरशः 'कसेपणा'. त्यात चांगलं-वाईट काही नव्हतं. पुढं तो चांगल्याकडं झुकला, आणि आपल्या बाजारात तर 'एकदम क्वालिटी माल' असं विशेषणच झालं. मालाच्या बाबतीत मला 'प्रत' हा शब्द जास्त आवडतो. त्यात मोजमाप आहे, एक नंबर, दोन नंबर. ॲट्रिब्यूट हा राहिलेला एक भाऊबंद, त्याचा मूळ अर्थ कुणीतरी बहाल केलेलं. कॉम्प्युटरवाले तो तक्त्याच्या रकान्यांना वापरतात, बाकी रोजच्या बोलण्यात त्याचं फारसं काम पडत नाही.

आता वापराचं. मराठीत फीचर नपुंसकलिंगी रुळलाय: ते फीचर, ती फीचर्स. 'फीचर्सं' असं दुहेरी अनेकवचन करायचं कारण नाही. क्रियापद म्हणून इंग्रजीत त्याचा अर्थ ठळक जागा देणं किंवा मिळणं असा होतो. 'अमक्या मासिकात त्याला फीचर केलं' असं लोक म्हणतात, तिथं 'त्याच्यावर खास लेख आला' म्हटलं तर काही बिघडत नाही. उच्चारात मात्र एक गोंधळ सांगलीत नेहमी होतो. हळदीचे वायदे होतात, त्यांना फ्युचर म्हणतात, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आज ठरवणं. फीचर आणि फ्युचर ऐकायला इतके जवळ की एका बैठकीत 'हळदीचे फ्युचर' आणि 'हळदीचे फीचर' यांवर दोन माणसं पाच मिनिटं वेगवेगळंच बोलत होती. तिथं एकानं वायदे आणि दुसऱ्यानं गुणधर्म म्हटलं असतं तर ती पाच मिनिटं वाचली असती.

मी फीचर शब्दाच्या विरोधात नाही. मोबाईलमध्ये, ॲपमध्ये, गाडीत तो फीचरच राहू दे, लोकांना तो कळतो. बेदाणा निवडायच्या यंत्रात कॅमेरा असतो. तो प्रत्येक दाण्याचा रंग, आकार, डाग बघतो आणि खराब दाणा हवेच्या झोतानं बाजूला उडवतो. यंत्राला शिकवणारे लोक या रंग-आकारांना फीचर म्हणतात, आणि तिथं तो शब्द मुळाच्या अगदी जवळ आहे: नुसत्या नजरेला दिसणारी ठेवण. चव त्या यंत्राला कळत नाही आणि त्याचं कामही ते नाही. माझा आग्रह एवढाच की मराठीत लिहिताना शब्दकोशाआधी वाचणाऱ्याचा प्रश्न ऐकावा. त्यात काय काय आहे, असं तो विचारत असेल तर रचना किंवा सोयी. वेगळं काय, तर वैशिष्ट्य. मुळात कसं आहे, तर गुणधर्म. ओळखायचं कशावरून, तर लक्षण. कितपत चांगलं, तर प्रत.

गेल्या हिवाळ्यात मिरजेच्या एका तंबोरा करणाऱ्या कारागिरांच्या माहितीपत्रकाचं काम आलं. इंग्रजीत 'फीचर्स' खाली लिहिलं होतं: वाळवलेला भोपळा, तुनीच्या लाकडाची दांडी, चार तारा, हातानं केलेलं नक्षीकाम, भरदार नाद, मिरजेची परंपरा. मी कागद घेऊन त्यांच्याकडं गेले. ते घोडीला, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या आधाराला, जवारी लावत बसले होते. जवारी म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडीच्या माथ्याला दिलेला बारीक उतार. कानशीनं घोडीचा माथा दोन-चार वेळा अलगद घासायचा, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा घासायचं. मग तारेखाली सुताचा तुकडा सरकवून नखानं केसभर पुढं, केसभर मागं. एका जागी तार नुसती वाजत होती आणि तिथून जरा हलवल्यावर तीच तार गुंजायला लागली.

मी त्यांना विचारलं, भरदार नाद या यादीत बसतो का? त्यांनी मान हलवली. भोपळा, दांडी, तारा एका ओळीत राहू द्या म्हणाले, त्या मोजून दाखवता येतात. नाद जवारीवर आहे, आणि जवारी खुली, जास्त गुंजणारी, हवी की बंद, गायकाची पट्टी म्हणजे मूळ सूर काळी एकचा की पांढरी पाचचा, ते गाणारा आल्यावर ठरतं. गिऱ्हाईक फोनवर पहिलं तेच विचारतं.

आम्ही मजकूर नव्यानं मांडला. 'रचना' खाली भोपळा, दांडी, तारा, नक्षी. परंपरेचं वाक्य वर, मानांकनाच्या शेजारी. आणि खाली, एकटी ओळ: 'जवारी गायकाची पट्टी ऐकून लावून दिली जाईल.'